चाचपडणाऱ्या तरुण क्वार्टरबॅकची पारख कशी करतात?

प्रश्न असा आला आहे: "मुलगी ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात शिकते, त्यामुळे आमच्या घरी शनिवारी कॉलेजचं अमेरिकन फुटबॉल लागलेलं असतं. 2025 च्या हंगामाआधी टेक्सासचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) आर्च मॅनिंगबद्दल केवढं ऐकलं होतं, आणि सप्टेंबरात त्याच्याच मैदानावर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. पोरगा खरंच कच्चा होता का, की दुसऱ्यांच्या चुकांचं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं? तुम्ही लोक हे ठरवता कसं? आणि अशा वेळी त्याला बाहेर बसवावं का?"

आधी थेट उत्तर देतो. सप्टेंबरातला मॅनिंग खरोखर वाईट खेळत होता. त्यात काही वाटा बदललेल्या संघाचा होता, पण काही फेकी अशा होत्या की त्यांचा दोष दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही. तरीही त्यावरून तो क्वार्टरबॅक म्हणून कच्चा आहे असा निकाल मी तेव्हाही दिला नसता, कारण त्याच्या चुका दुरुस्त होणाऱ्या जातीच्या होत्या. चुकांची ही जात कशी ओळखायची, यातच पारख करणाऱ्याचं खरं काम आहे.

मी टेक्सासमध्ये हायस्कूलच्या क्वार्टरबॅकांना शिकवतो. सामन्याची फिल्म तुकड्या-तुकड्यांनी बघून प्रत्येक फेकीची नोंद ठेवणं हा त्या कामाचा मोठा भाग असतो. पुढे जे लिहितो आहे ते त्या सवयीतून आलेलं आहे.

मुळात अपेक्षा कशावर उभी होती ते बघा. आर्ची मॅनिंगचा नातू, पेटन आणि इलायचा पुतण्या; तिघेही एनएफएल या व्यावसायिक लीगमधले नावाजलेले क्वार्टरबॅक. 2023 मध्ये जवळजवळ पूर्ण वर्ष बाकावर, 2024 मध्ये क्विन यूअर्सच्या मागे दुसरा. यूअर्स जखमी झाल्यावर तो टेक्सास-सॅन अँटोनियोविरुद्ध मैदानात उतरला, पहिल्याच फेकीवर टचडाउन (बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन गुण), मग 67 यार्ड पळत जाऊन आणखी एक. त्या दिवशी 12 पैकी 9 पास पूर्ण, 223 यार्ड, 4 टचडाउन. पाठोपाठ दोन सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. पण अख्ख्या 2024 च्या हंगामातल्या त्याच्या फेकी शंभरसुद्धा भरत नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक कमकुवत संघांविरुद्ध होत्या. तेवढ्या भांडवलावर लोकांनी त्याला मनातल्या मनात हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) देऊन टाकली, आणि टेक्सास इतिहासात पहिल्यांदा हंगामाआधीच्या एपी क्रमवारीत (पत्रकारांच्या मतांवरून ठरणाऱ्या) पहिल्या क्रमांकावर बसलं.

असं आधीही झालेलं आहे. 2020 मध्ये ट्रेव्हर लॉरेन्सला कोविड झाला म्हणून क्लेम्सनचा नवखा डीजे उइअंगालेलेइ नोत्र दामच्या मैदानावर खेळला आणि 439 यार्ड फेकून आला. सगळे म्हणाले, पुढचा राजा मिळाला. पुढच्या वर्षी, 2021 मध्ये, संघ पूर्णपणे त्याच्या हाती आला तेव्हा 9 टचडाउन आणि 10 इंटरसेप्शन (समोरच्या बचावाने झेललेले पास), निम्म्याहून थोडेच जास्त पास पूर्ण. दोन-चार झगमगीत सामन्यांवरून जसा कौल देऊ नये, तसा दोन-चार वाईट सामन्यांवरूनही देऊ नये. साधारण तीनशे फेकी बघितल्याशिवाय मी स्वतः ठाम मत बनवत नाही, आणि त्यातही किमान चार-पाच सामने तोडीच्या संघांविरुद्धचे लागतात.

आता आकडे. 30 ऑगस्ट 2025, कोलंबस. आदल्या हंगामाचे विजेते ओहायो स्टेट, टेक्सास 14-7 ने हरलं. मॅनिंग 30 पैकी 17, 170 यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन. 13 सप्टेंबर, घरचं मैदान, समोर टेक्सास-एल पासोसारखा दुबळा संघ: 25 पैकी 11, फक्त 114 यार्ड, त्यात लागोपाठ दहा फेकी वाया. हुर्यो उडाली ती याच दिवशी. सामना टेक्सासने 27-10 ने जिंकला हे आता कुणाला आठवतही नाही. 4 ऑक्टोबर, फ्लोरिडाकडून 29-21 ने हार: 29 पैकी 16, 263 यार्ड, 2 टचडाउन, 2 इंटरसेप्शन, आणि सहा वेळा सॅक, म्हणजे बॉल फेकण्याआधीच पाडला गेला.

कॉलेजचं पासिंग रेटिंग काढायचं सूत्र सोपं आहे. यार्डांना 8.4 ने गुणा, पूर्ण पासांना 100 ने, टचडाउनला 330 ने. या सगळ्यांची बेरीज करून इंटरसेप्शनमागे 200 वजा करा आणि एकूण फेकींनी भागा. ओहायो स्टेटच्या सामन्याचं येतं सुमारे 109. एल पासोचं 87. फ्लोरिडाचं 140. म्हणजे फ्लोरिडाविरुद्ध तो बराच बरा खेळला असं वाटेल. पण या सूत्रात सॅकला जागाच नाही. कॉलेजच्या नोंदीत सॅकमध्ये गेलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात, पासिंगचं खातं स्वच्छ राहतं. सहा सॅक म्हणजे सहा डाव उधळले, आणि रेटिंगला त्याचा पत्ताच नाही. म्हणून तरुण क्वार्टरबॅक बघताना मी सॅक आणि फेकी एकत्र मोजतो, आणि प्रत्येक सॅकपुढे लिहितो की तो कुणाचा: लाइनचा (पुढे उभं राहून त्याला वाचवणाऱ्या पाच जणांचा), रिसीव्हर (पास झेलणारा) मोकळाच न झाल्याचा, की बॉल धरून बसलेल्या क्वार्टरबॅकचा. हा तिसरा प्रकार लोकांना वाटतो त्यापेक्षा फार जास्त असतो.

भोवतालच्या संघाचा विचार न करता आकडे वाचणं म्हणजे खेळपट्टी न बघता फलंदाजाची सरासरी वाचणं. 2024 च्या टेक्सासच्या लाइनमधले पाचपैकी चार नेहमीचे खेळाडू हंगामानंतर गेले. त्यातला लेफ्ट टॅकल केल्विन बँक्स एनएफएलच्या वार्षिक खेळाडू-निवडीत थेट नवव्या क्रमांकावर निवडला गेला. रिसीव्हर मॅथ्यू गोल्डन पहिल्याच फेरीत ग्रीन बेला गेला, टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) गनर हेल्मही गेला. म्हणजे यूअर्सच्या हाती जी यंत्रणा होती ती मॅनिंगच्या हाती आलीच नाही, आणि पहिला पेपर ओहायो स्टेटचा. हे सगळं त्याच्या बाजूने धरायलाच हवं.

पण एवढ्यावर थांबलो तर ती वकिली होईल. म्हणून पुढची चाळणी लावतो, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त सांगून जाते ती हीच: ज्या फेकींच्या वेळी पॉकेट (लाइनने क्वार्टरबॅकभोवती राखलेली जागा) शाबूत होतं, कुणी अंगावर आलेलं नव्हतं, पाय टाकायला जागा होती, तेवढ्याच वेगळ्या काढायच्या. दडपणाखाली सगळेच घसरतात, एनएफएलमधले दिग्गजसुद्धा, आणि तिथले आकडे वर्षागणिक हेलकावे खातात. स्वच्छ पॉकेटमधली कामगिरी त्या मानाने स्थिर असते. तिथे क्वार्टरबॅकला लपायला जागा नसते. एल पासोविरुद्धच्या ज्या फेकींनी मला अस्वस्थ केलं त्या याच प्रकारातल्या होत्या: साध्या, जवळच्या, रिसीव्हर मोकळा, आणि बॉल त्याच्या पायाशी किंवा हाताबाहेर.

अशा चुकलेल्या फेकी दिसल्या की बॉल कुठे गेला याची नोंद करावी. दहा चुका दहा दिशांना गेल्या असतील तर दुखापत, थकवा किंवा घाबरलेलं मन यांचा संशय घ्यावा. एकाच दिशेला जात असतील तर तंत्रातला एखादा ठरावीक दोष आहे, आणि तो सापडतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचं डावं पाऊल फार लांब पडलं की वजन मागे राहतं आणि बॉल वर उडतो. डावा खांदा लवकर उघडला की बॉल डावीकडे ओढला जातो. आणि पावलं रूटच्या (रिसीव्हरच्या ठरलेल्या धावेच्या) तालात नसतील तर हात ती कसर भरून काढायला बघतो: कोपर खाली येतं, बाजूने फेकल्यासारखी फेक होते, बॉल कधी खाली मरतो तर कधी सुसाट जातो. मॅनिंगच्या बाबतीत त्या दिवसांत हात बाजूने येण्याची फार चर्चा झाली. मला विचाराल तर हात हा परिणाम होता आणि कारण पायांत होतं. पाच पावलं मागे जाऊन पाचव्या पावलावर बॉल सुटायला हवा, तिथे तो आणखी दोन छोट्या उड्या मारत होता. त्या दोन उड्यांत अर्धा सेकंद जातो. बॉल हातातून सुटायला एकूण मिळतात अडीच सेकंद. तेवढ्यात मोकळा असलेला रिसीव्हर झाकला जातो, मग घाई होते, आणि घाईतली फेक चुकते. बघणाऱ्याला वाटतं नेम वाईट आहे.

ही उड्या मारण्याची सवय डोळ्यांतून येते. क्वार्टरबॅकला जे दिसतंय त्यावर विश्वास नसला की पाय थांबत नाहीत. स्नॅपच्या आधी, म्हणजे बॉल हातात येऊन डाव सुरू होण्याआधी, दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) खोलवर उभे दिसतात, स्नॅप झाल्याबरोबर एक खाली धावत येतो, आणि मनात मांडलेलं चित्र पुसलं जातं. हायस्कूलमध्ये हे क्वचित घडतं. ओहायो स्टेटने त्या वर्षी बचावासाठी एनएफएलमध्ये वर्षानुवर्षं घालवलेला मॅट पॅट्रिशिया आणला होता. असं फसवणं हा अशा प्रशिक्षकांचा रोजचा व्यवहार असतो. पहिल्यांदाच पूर्ण हंगाम खेळणारा मुलगा अशा बचावासमोर गोंधळला तर ते वयाला धरून आहे. प्रश्न एवढाच की तोच सापळा पुन्हा लागला तर तो पुन्हा अडकतो का. मी वहीत चुकीच्या प्रकाराला क्रमांक देतो आणि तो क्रमांक पुढच्या सामन्यांत किती वेळा परत येतो ते बघतो. ऑक्टोबरमध्ये नवी चूक करणारा मुलगा मला सप्टेंबरचीच चूक करणाऱ्यापेक्षा कितीतरी आश्वासक वाटतो.

मैदानाची एक गोष्ट टीव्हीवर लक्षात येत नाही, पण कॉलेजच्या क्वार्टरबॅकला न्याय द्यायचा तर ती ठाऊक हवी. कॉलेजमध्ये हॅश मार्कांच्या (डाव कुठून सुरू करायचा ते ठरवणाऱ्या, मैदानाच्या लांबीभर काढलेल्या खुणांच्या) दोन ओळींत 40 फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये जेमतेम साडेअठरा. मैदानाची रुंदी दोन्हीकडे 160 फूट. म्हणजे कॉलेजमध्ये बॉल एका हॅशवर असेल तर पलीकडची सीमारेषा 100 फूट दूर. तिकडे धावणाऱ्या रिसीव्हरला "12 यार्डांचा" आउट (सीमेकडे वळणाऱ्या रिसीव्हरला दिलेला पास) फेकायचा म्हणजे 6 यार्ड मागून, आडवे जवळजवळ 30 यार्ड. बॉल हवेत 35 यार्ड जातो आणि नोंदीत 12 लिहिले जातात. ती फेक थोडी उशिरा सुटली की कॉर्नर (कडेचा बचावपटू) ती घेऊन उलट दिशेला पळतो. त्यामुळे पास पूर्ण होण्याची टक्केवारी वाचताना कुठल्या हॅशवरून कुठे फेकलं हे पाहिल्याशिवाय मी तिला फारसं मोल देत नाही. ज्या संघाचा निम्मा खेळ स्नॅपबरोबर बाजूला टाकलेल्या छोट्या पासांवर चालतो, तिथे सत्तर टक्के सहज होतात.

इंटरसेप्शनचंही तसंच. रिसीव्हरच्या हाताला लागून उडालेलं, सामना संपताना नाइलाजाने फेकलेलं, आणि मधल्या लाइनबॅकरला (बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूला) न बघता थेट त्याच्या छातीवर दिलेलं, ही तिन्ही नोंदीत सारखीच दिसतात. तिसऱ्या प्रकाराची मी काळजी करतो. शिवाय बचावपटूच्या हातातून सुटलेली इंटरसेप्शनं मोजायला विसरू नका. नशिबाने वाचलेली चूक ही चूकच असते.

टीव्हीच्या कॅमेऱ्यात खोलवरचे रिसीव्हर दिसतच नाहीत ही तुमची मोठी अडचण आहे. उंचावरून सगळे 22 खेळाडू दिसणारी फिल्म संघांकडे असते, प्रेक्षकांकडे सहसा नसते. तरी घरी बसून बरंच कळतं. बॉलकडे न बघता स्नॅपनंतर त्याच्या पायांकडे बघा. शेवटचं पाऊल टेकलं की बॉल निघतो का? पास चुकल्यावर तो पुढच्या डावात तितक्याच धीटपणे मधल्या पट्ट्यात फेकतो का, की बाजूच्या सोप्या पासांत दडतो? तिसऱ्या डाउनला (10 यार्ड जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) 8 यार्ड हवे असताना 3 यार्डांवर बॉल देऊन मोकळा होतो का? आणि त्याला ती 8 यार्डांची वेळ येतेच किती वेळा, कारण ती वेळ बहुधा पहिल्या दोन डाउनच्या फसलेल्या धावण्यातून येते आणि तो दोष त्याचा नसतो.

हंगामाचा पुढचा भाग असा गेला. फ्लोरिडानंतरच्या शनिवारी डॅलसला ओक्लाहोमाला 23-6 ने हरवलं. मॅनिंग 27 पैकी 21. यार्ड फक्त 166, पण पाय शांत, बॉल वेळेवर. पुढच्याच आठवड्यात केंटकीविरुद्ध पुन्हा घसरण, 27 पैकी 12, कसाबसा जादा वेळेत विजय. सुधारणा सरळ रेषेत होत नाही, आणि केंटकीचा सामना बघून ज्यांनी पुन्हा आरडाओरड केली त्यांना मी हेच सांगत होतो. मग मिसिसिपी स्टेटविरुद्ध शेवटच्या सत्रात 17 गुणांनी मागे असताना पुनरागमन, 346 यार्ड. व्हँडरबिल्टविरुद्ध 33 पैकी 25, 328 यार्ड, 3 टचडाउन. जॉर्जियाकडून 35-10 असा सपाटून मार खाल्ला, आणि तोवर अपराजित असलेल्या टेक्सास ए अँड एमला 27-17 ने हरवलं. हंगामाअखेर 3,100 हून अधिक यार्ड, 26 टचडाउन पास, 7 इंटरसेप्शन, सिट्रस बोल या हंगामानंतरच्या सामन्यात मिशिगनवर विजय, संघ 10-3. प्लेऑफ (विजेतेपदासाठीचे बाद फेरीचे सामने) हुकला, आणि पहिल्या क्रमांकावरून सुरुवात केलेल्या संघाला ते लागणारच. पण सप्टेंबरात ज्याला नापास ठरवलं त्याचा हा हंगाम नापासाचा नाही.

सगळेच असे सावरतात का? नाही. उइअंगालेलेइने पुढे दोन विद्यापीठं बदलली. ऑरेगन स्टेटला बरा खेळला, पण 2020 च्या त्या संध्याकाळचं वचन पूर्ण झालं नाही. उलट बो निक्स घ्या. ऑबर्नमध्ये तीन वर्षं, तिन्ही वर्षं आक्रमणाचा प्रशिक्षक वेगळा. दर वर्षी नवी भाषा, नवी पावलं, आणि मैदानात सतत पळापळ. 2022 मध्ये तो ऑरेगनला गेला, तिथे केनी डिलिंगहॅम होता, जो ऑबर्नमध्ये त्याच्या पहिल्या वर्षी आक्रमण सांभाळत होता. ओळखीची भाषा, चांगली लाइन. 2023 पर्यंत त्याचे 77 टक्क्यांहून जास्त पास पूर्ण होत होते, 45 टचडाउन, 3 इंटरसेप्शन, आणि मग डेन्व्हरने पहिल्या फेरीत घेतलं. जो बरो 2018 मध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) 57.8 टक्क्यांवर होता, 16 टचडाउन. पुढच्या वर्षी प्रशिक्षक जो ब्रेडीने आणलेल्या पासिंगच्या खेळात 76.3 टक्के, 60 टचडाउन, 15-0, हाइझमन. 2018 ची फिल्म नीट बघणाऱ्यांना तेव्हाही दिसत होतं की तो मार खाऊन उठतो आणि पुढचा बॉल वेळेवर सोडतो. टक्केवारीत ते नव्हतं.

म्हणून मी दुरुस्त होणाऱ्या आणि न होणाऱ्या चुका अशा वेगळ्या करतो. पाय, पवित्रा, बॉल सोडायची वेळ, बचाव ओळखणं हे शिकवता येतं. त्याला महिने लागतात, कधी एक पूर्ण उन्हाळा. दडपण आलं की नजर रिसीव्हरवरून उतरून अंगावर येणाऱ्या खेळाडूंवर जाणं, हे मी फार क्वचित सुधारलेलं पाहिलं आहे. मुळातला नेम या दोन्हींच्या मधे येतो. जॉश ॲलन कॉलेजात वायोमिंगला दोन्ही वर्षं 56 टक्क्यांवर होता आणि एनएफएलमध्ये बफेलोत तिसऱ्या वर्षी 69 वर गेला, हे खरं आहे; पण त्याचं उदाहरण देऊन प्रत्येक चुकणाऱ्या पोराला वाट बघत ठेवणं बरोबर नाही, कारण तशी दुसरी उदाहरणं शोधायला गेलं तर हाती फारशी लागत नाहीत. मॅनिंगची नजर मार खातानाही वर राहत होती. फ्लोरिडाच्या सामन्यात सहा सॅक होऊनही तो खोलवर बघत होता. माझा कौल त्याच्या बाजूने झुकला तो इथे.

आता बाहेर बसवण्याचं. 9 ऑक्टोबर 2021 ला डॅलसच्या कॉटन बोल मैदानावर ओक्लाहोमाने स्पेन्सर रॅटलरला टेक्सासविरुद्ध सामना चालू असताना बसवलं. हंगामाआधी हाइझमनचा दावेदार मानला गेलेला मुलगा. त्याच्या जागी आलेल्या कॅलेब विल्यम्सने 28-7 असा मागे असलेला सामना 55-48 ने फिरवला. लोक याचा अर्थ लावतात की लवकर बसवावं. पण तो निर्णय बरोबर ठरला कारण बाकावर कॅलेब विल्यम्स बसला होता. पहिला वाईट खेळतोय एवढ्यावर बदल करायचा नसतो. सरावात रोज बघणाऱ्या प्रशिक्षकाला दुसरा खरोखर सरस वाटत असेल तरच करायचा. 2025 मध्ये टेक्सासकडे तसा कुणी नव्हता. तेव्हाचा मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह सार्किशियनने मॅनिंगला हुर्योतून बाहेर काढून बाकावर नेलं असतं, तर दुरुस्तीसाठी ज्या फेकी लागतात त्याच हिरावल्या गेल्या असत्या. सरावात पाय सुधारतात, पण खोटा सेफ्टी ओळखायची सवय सामन्यातच लागते.

मुलीला सांगा, पुढच्या हंगामात पहिल्या तोडीच्या सामन्यात बॉल उजव्या हॅशवर असताना डाव्या सीमेकडे फेकलेले आउट मोजायचे, आणि प्रत्येकापुढे शेवटच्या पावलानंतर किती उड्या मारल्या ते लिहायचं. पंधरा-वीस नोंदी झाल्या की मला पाठवा, त्यावर पुढचं बोलू.